टर्बिडिटी ३.८ एनटीयू : पाणी पास की नापास?

बिनपाण्याचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस रण पेटलंय, म्हणून इथे धागा काढतोय. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. पाऊस सुरू झाल्यावर टाकीतला नमुना लॅबला दिला. रिपोर्टात बाकी सगळं ठीक, पण एका ओळीपुढे फुली : टर्बिडिटी (गढूळपणा) ३.८ एनटीयू. शेजारच्या रकान्यात मर्यादा १, त्याच्या शेजारी ५. अर्धे म्हणतात पाचाच्या आत आहे, पास. अर्धे म्हणतात एकाच्या वर आहे, नापास. मी दोघांच्याही शिव्या खातोय.

गंमत अशी की ग्लासात घेतलं तर पाणी अगदी स्वच्छ दिसतं. पण मुलाने खोलीतला दिवा बंद करून ग्लासातून टॉर्च मारली तेव्हा आत प्रकाशाचा पट्टा दिसला. बाटलीबंद पाण्यात तो जेमतेम दिसला. मुलगा नववीत आहे, म्हणतो, "बाबा, हा टिंडल परिणाम." इथवर ठीक, पण म्हणजे ३.८ हे नक्की काय? लिटरमागे ३.८ मिलिग्रॅम माती? आणि हा टॉर्चचा प्रयोग पाणी तपासायला चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (ग्लासातून नको.)

खडूफळा

मुलाला शाबासकी द्या.

मिठाच्या पाण्यातून प्रकाश गेला तर बाजूने काही दिसत नाही, कारण मीठ विरघळून आयन झालेलं असतं आणि ते प्रकाशाला अडवण्याइतके मोठे नसतात. त्याच ग्लासात दुधाचे दोन-चार थेंब टाका. दुधातले स्निग्धाचे आणि प्रथिनांचे कण पाण्यात तरंगत राहतात, येणारा प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतात आणि त्यातला थोडा तुमच्या डोळ्यात येतो. दिसतो तो हा पट्टा. असे कण तरंगणाऱ्या मिश्रणाला पुस्तकात कलिल म्हणतात. कणांचा आकार साधारण १ ते १००० नॅनोमीटर. ग्लास बाजूने बघितला तर दूध-पाण्यात निळसर छटा दिसेल, टॉर्चच्या समोरून बघितलं तर दिवा पिवळट-तांबूस दिसेल. निळा प्रकाश जास्त विखुरला जातो, सरळ पुढे उरतो तो तांबडा.

जॉन टिंडल हा मूळचा आयर्लंडचा, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक होता. १८६९ च्या सुमारास त्याने काचेच्या लांब नळीत काही रसायनांच्या वाफा भरून त्यातून प्रखर प्रकाशझोत सोडला. प्रकाशानेच वाफेत अतिसूक्ष्म कण तयार होऊ लागले, आणि सुरुवातीला जो ढग दिसला तो आकाशासारखा निळा होता. कण वाढले तसा पांढरा झाला. त्याच्या आधी १८५७ मध्ये फॅरडेनेही सोन्याच्या लाल द्रावणात असाच प्रकाशाचा शंकू पाहिला होता, त्यामुळे काही पुस्तकांत दोघांचंही नाव लावतात.

आकाशाच्या निळेपणाचं गणित मात्र लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाचं, १८७१ चं. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात विखुरणं. ४५० नॅनोमीटरचा निळा ७०० च्या तांबड्यापेक्षा जवळजवळ सहापट विखुरतो. हे फक्त फारच लहान कणांना लागू. टँकरच्या पाण्यातल्या मातीला रॅले लावायला जाऊ नका.

पोहे_आणि_चहा

वाचतोय. खुर्ची टाकून बसलो आहे.

तुरटीवाला

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त. सेक्रेटरी साहेब, तुमच्या प्रश्नात खरी गोम "मिलिग्रॅम" या शब्दात आहे.

एनटीयूमधला एन म्हणजे नेफेलोमेट्रिक. यंत्र असं : काचेच्या छोट्या नळीत तुमचं पाणी, एका बाजूने दिवा, आणि दिव्याच्या रेषेशी काटकोनात प्रकाश टिपणारा डोळा. पाणी अगदी निर्मळ असेल तर काटकोनात जवळजवळ काहीच येत नाही. जेवढा प्रकाश विखुरून तिकडे वळतो तेवढा आकडा वाढतो. तुमच्या मुलाने ग्लासाला बाजूने बघून जे केलं, तेच. म्हणजे ३.८ हा बाजूला किती उजेड आला याचा आकडा आहे. त्यात माती किती, शेवाळ किती, गंज किती, हे त्याला माहीत नाही.

पण लोक मिलिग्रॅम समजतात यात त्यांचा दोष नाही, कारण सुरुवात तशीच झाली होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर जॅक्सनचा मेणबत्तीचा टर्बिडीमीटर आला. खाली मेणबत्ती, वर उभी काचेची नळी. वरून बघत बघत पाणी ओतायचं. ज्या उंचीला ज्योत दिसेनाशी होऊन नुसता पसरट उजेड राहील, ती उंची म्हणजे गढूळपणा. त्याची मोजपट्टी सिलिकाच्या बारीक पुडीवर बेतलेली, लिटरमागे इतके मिलिग्रॅम. भानगड अशी की या पद्धतीने साधारण २५ एककांच्या खाली काही मोजताच येत नाही, ज्योत दिसतच राहते. गाळून आलेलं पाणी मोजायचं तर काटकोनातला प्रकाश पकडणं आलंच.

मग यंत्र कशावर लावायचं? त्यासाठी १९२६ मध्ये फॉर्माझिन आलं. हायड्राझिन सल्फेट आणि हेक्सामिन मिसळून २५ अंशांना २४ तास ठेवलं की एक दुधाळ पांढरं द्रावण होतं, आणि कितीही वेळा केलं तरी जवळपास तेच होतं. ते पातळ करत करत यंत्राला आकडे शिकवायचे. (हायड्राझिन विषारी आहे, हौस म्हणून करू नका.) तेव्हा ३.८ चा सरळ अर्थ एवढाच : तुमचं पाणी काटकोनात तेवढाच प्रकाश विखुरतं जेवढा ३.८ एककांचं फॉर्माझिन विखुरतं. बस.

आता १ आणि ५. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्ये स्वीकारार्ह मर्यादा १ आहे. ५ पर्यंतची सूट दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तरची आहे. सोसायटीत दोन्ही गट भांडतायत ते या "नसेल तर" वर. आणि डोळ्याला म्हणाल तर साधारण ४ च्या पुढे गढूळपणा जाणवू लागतो, म्हणून तुमचा ग्लास स्वच्छ दिसतो.

बिनपाण्याचा_सेक्रेटरी

काका, दंडवत. पण मग एक शंका. तेवढंच वजन माती असलेल्या दोन पाण्यांचे आकडे वेगळे येऊ शकतात?

तुरटीवाला

हमखास येतात. जाड रेती ढवळून टाका, वजन भरपूर, आकडा किरकोळ, आणि दोन मिनिटांत तळाला. तेवढ्याच वजनाची चिकणमाती घ्या, आकडा कितीतरी पट. वजनामागे सगळ्यात जास्त प्रकाश विखुरतात ते प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचे कण, म्हणजे अर्ध्या मायक्रोमीटरच्या घरातले. एकाच नदीवर, एकाच प्रकारच्या गाळासाठी एनटीयू आणि मिलिग्रॅम यांचा संबंध बांधता येतो, आम्ही बांधायचोही. तो दुसऱ्या नदीला चालत नाही.

आणि उलटंही. पहिल्या पुराचं चहाच्या रंगाचं पाणी सरळ यंत्रात घातलं तर आकडा कमी येऊ शकतो, कारण विखुरलेला प्रकाश बाहेर पडायच्या आधीच पुन्हा पुन्हा आपटून आतच अडकतो. म्हणून तसलं पाणी पातळ करून मोजायचं. नवी पोरं हे विसरायची आणि जुलैतला आकडा बघून खूश व्हायची.

लॅबवाल्यांना दोन गोष्टी विचारा. नमुना कधी घेतला आणि कधी मोजला? बाटली दोन दिवस पडून राहिली असेल तर गाळ बसतो, शेवाळ वाढतं, काहीही होतं. दुसरं, हवेचे बुडबुडे. बोअरच्या पाण्यात विरघळलेली हवा असते, बाहेर काढल्यावर ती बारीक बुडबुड्यांनी सुटते, आणि यंत्राला बुडबुडा आणि माती सारखीच. नळीवर बोटाचा ठसा किंवा घाम धरला असेल तरी तेच. बोअरमध्ये लोह असलं तर आणखी एक : नुकतं काढलेलं पाणी स्वच्छ, हवा लागल्यावर लोहाचे तांबूस कण बनतात आणि आकडा चढतो.

सूक्ष्मजीवी

लॅबवाली बोलते. (रक्त-लघवीच्या लॅबमधली, पाण्याच्या नव्हे.)

आमच्याकडे हाच टिंडल दिवसभर राबतो. सीआरपी किंवा आयजीजी या तपासण्यांमध्ये रुग्णाच्या रक्तद्रवात प्रतिपिंडं टाकतात. ज्याला शोधायचंय ते असेल तर दोघांचे गुंते होतात, गुंते प्रकाश विखुरतात, यंत्र ते मोजतं. बाजूने मोजलं तर नेफेलोमेट्री, सरळ समोर किती प्रकाश कमी पोचला ते मोजलं तर टर्बिडिमेट्री. रिपोर्टात पद्धतीच्या रकान्यात हे शब्द बारीक अक्षरात असतात, कोणी वाचत नाही.

पण मला वेगळं सांगायचंय. "पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे जंतू नाहीत" असं कोणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा. कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे बघण्यासाठी आम्ही जंतूंचं पाणी एका ठरावीक धूसरपणाचं करतो, मॅकफार्लंड ०.५. ते जेमतेम धूसर असतं, पाठीमागे काळ्या रेघांचा कागद धरून बघावं लागतं. त्या धूसरपणाला मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी जंतू असतात. कोटी! पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय (आतड्यातला जंतू) सापडता कामा नये असा नियम आहे. म्हणजे माणसाला आजारी पाडायला पुरेसे जंतू असलेलं पाणी टॉर्चच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होईल.

टिंडलबद्दल खडूफळा सरांनी एक सांगितलं नाही. त्याने हाच प्रकाशझोत हवा तपासायला वापरला. लाकडी पेटी घेतली, आतून ग्लिसरीन फासलं, आणि आतली धूळ बसून जाईपर्यंत ठेवली. बाजूच्या खिडकीतून प्रकाश सोडला तर झोत दिसेना, म्हणजे हवेत कण उरले नाहीत. मग त्या पेटीत उकळलेला मटणाचा वगैरे रस उघडा ठेवला, तो नासला नाही. बाहेर ठेवलेला नासला. जंतू आपोआप उपजतात असं म्हणणाऱ्यांना १८७० च्या दशकात दिलेलं हे उत्तर. वाळल्या गवताच्या काढ्याने मात्र त्याला दमवलं, कारण त्यातले काही जंतू उकळूनही उरत. त्यातून थांबून थांबून पुन्हा पुन्हा उकळायची पद्धत आली, तिला आजही टिंडलायझेशन म्हणतात.

खडूफळा

ताई, हे मुलांना सांगायला हवं. पेटीचं मला माहीत होतं, पण वर्गात कधी वेळच उरत नाही.

मिशिगनकाठ

सूक्ष्मजीवी ताईंच्या म्हणण्याला पुस्ती. मी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात राहते. इथे १९९३ च्या वसंतात काय झालं ते पाणीवाल्या लोकांना पाठ आहे, बाकीच्यांनी वाचावं.

शहराचं पाणी मिशिगन सरोवरातून येतं. शुद्धीकरण केंद्रं दोन. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा चढायला लागला, २८ आणि ३० मार्चला १.७ एनटीयूपर्यंत गेला. नेहमी तो याच्या बराच खाली असायचा. पण जंतूंची नेहमीची चाचणी, कोलिफॉर्म, ठीक येत होती. ५ एप्रिलच्या सुमारास लक्षात आलं की शहरभर लोक जुलाबाने आडवे झालेत, कामावर माणसं नाहीत, शाळेत मुलं नाहीत. ७ एप्रिलला पाणी उकळून प्या असा इशारा, ९ ला ते केंद्र बंद. आजारी पडलेल्यांचा अंदाज ४,०३,००० इतका निघाला. कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. चार-सहा मायक्रोमीटरचं कवच, क्लोरीनला दाद देत नाही. त्याला अडवायचं तर गाळणीतच.

तेव्हा १.७ वाचून कोणी दचकलं नाही. आकडा तेव्हाच्या नियमात "चालतो" असाच होता. यानंतर इथले नियम आवळले, आता गाळलेल्या पाण्याच्या ९५ टक्के नमुन्यांना ०.३ च्या आत राहावं लागतं.

तुरटीवाला

हे उदाहरण आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. यातला मुद्दा सोसायटीनेही घ्यावा. आकड्यापेक्षा आकड्याची चाल बघा. रोज ०.२ देणारी गाळणी एके दिवशी ०.९ द्यायला लागली तर ते "१ च्या आत" असलं तरी काहीतरी बिघडलंय. वाळू धुवायची झाली, तुरटीचा डोस चुकला, काहीतरी.

तुरटीचं काम लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, एकमेकांना ढकलतात, म्हणून आठवडाभर तरंगतात. तुरटी तो भार मारते आणि स्वतः अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे गुठळे बनवते, त्यात माती अडकून खाली जाते. डोस किती, ते रोज जार टेस्टने (बरण्यांत वेगवेगळे डोस टाकून बघतात ती) ठरतं. जास्त टाकली तर जास्त स्वच्छ, असं अजिबात नाही.

नागलीची_भाकर

आमच्याकडे आजी माठाच्या आतून निवळीचं बी घासायची. रात्री घासलं की सकाळी पाणी काचेसारखं. हे पण तेच का?

तुरटीवाला

तेच. निवळीचं बी, शेवग्याचं बी, दोन्ही कणांना गोळा करतात. शेवग्यात तर धन भाराची प्रथिनं आहेत. पाणी निवळतं यात शंका नाही. जंतू काही प्रमाणात गाळाबरोबर खाली जातात, पण सगळे नाही, आणि बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात राहतो. वरून उकळणं किंवा क्लोरीन हवंच.

घाटावरचा_गिअर

थोडं अवांतर. आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात नेहमी जाणं होतं. सगळे सांगतात पिवळा फॉगलॅम्प लाव, पिवळा कमी विखुरतो. खडूफळा सरांच्या चौथ्या घाताने ते बरोबरच ठरतं ना?

खडूफळा

म्हणूनच वर लिहिलं होतं की सगळीकडे रॅले लावू नका! धुक्याचे थेंब मायक्रोमीटरमध्ये, साधारण दहा-वीस, तरंगलांबीच्या कितीतरी पट. तेवढ्या थेंबाला निळा काय, पिवळा काय, सारखाच. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. निळा जास्त विखुरला असता तर निळं दिसलं असतं. अशा मोठ्या गोळ्यांचं गणित गुस्ताव मीने १९०८ मध्ये मांडलं, आणि तेही सोन्याच्या कलिलाचे रंग समजून घ्यायला.

फॉगलॅम्पचा उपयोग होतो तो उंचीमुळे. खाली बसवलेला, रुंद आणि वरून कापलेला झोत. तुमची नजर ज्या धुक्यातून जाते त्यावर कमी प्रकाश पडतो, त्यामुळे डोळ्यावर पांढरी भिंत येत नाही. अप्पर लावला की भिंत येते, ते सगळ्यांनी अनुभवलंय.

घाटावरचा_गिअर

पटत नाही. मला पिवळ्यात खरंच बरं दिसतं.

खडूफळा

डोळ्याला निळसर-पांढऱ्या चकाकीचा त्रास जास्त होतो असं बरेच चालक म्हणतात, ते असेलही. धुकं "कापत" नाही, एवढंच माझं म्हणणं. सावकाश चालवा, मग दिवा कुठला का असेना.

दिल्लीचा_मावळा

हा धागा वाचून माझं एक जुनं कोडं सुटलं. घरात हवेचं प्रदूषण मोजणारं छोटं यंत्र घेतलंय. जानेवारीच्या धुक्यात ते पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) इतकं वर नेतं की जवळच्या सरकारी केंद्राशी जुळतच नाही. बाकीच्या दिवसांत बऱ्यापैकी जुळतं. आत लेझर आणि प्रकाश टिपणारा डोळा, म्हणजे हाही टिंडलच!

तुरटीवाला

हो, आणि दुखणंही तेच. तुमचं यंत्र विखुरलेला प्रकाश मोजतं आणि मायक्रोग्रॅम छापतं. मधला हिशोब कारखान्यात कुठल्यातरी ठरावीक धुळीवर बसवलेला. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, प्रकाश जास्त विखुरतात, वजन मात्र बहुतांश पाण्याचं. सरकारी केंद्रात बहुधा कण फितीवर जमा करून त्यातून बीटा किरण किती कमी पार होतात त्यावरून वस्तुमान काढतात, आणि आत येणारी हवा आधी गरम करून सुकवतात. म्हणून २४ तासांची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडली की नाही हे त्यांच्या आकड्यावरून ठरवा, दिवसभरातला चढउतार तुमच्या यंत्रावर बघा.

पोहे_आणि_चहा

आमच्या ऑफिसातला स्मोक डिटेक्टर दर पावसाळ्यात विनाकारण बोंबलतो. तोही यातलाच?

सूक्ष्मजीवी

बहुतेक. आत अंधारी पेटी, एका कोनात इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या कोनात डोळा. धूर शिरला की प्रकाश वळतो. कोळी, धूळ, वाफ शिरली तरी वळतो. साफ करून घ्या, पण उखडून ठेवू नका म्हणावं.

बिनपाण्याचा_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. आज टाकी उघडली. तळाला बोटभर गाळ, आणि टँकरचा पाइप थेट तळाशी सोडलेला, म्हणजे प्रत्येक फेरीला गाळ ढवळून निघत होता. टाकी धुवायला माणसं उद्या येतायत, पाइपचं तोंड वर घेणार. मिलवॉकीची गोष्ट ग्रुपवर टाकल्यावर "पास" गट गप्प झाला. आता नवी मागणी : सोसायटीने टर्बिडिटी मीटर विकत घ्यावा. घ्यावा का?

तुरटीवाला

नको. मीटर नीट राखायचा तर प्रमाण द्रावणं लागतात, ती मुदतीत बदलावी लागतात, नळ्या ओरखड्याशिवाय ठेवाव्या लागतात. तुमच्याकडे हे वर्षभर कोण करणार? पावसाळ्यात लॅबकडून दोनदा तपासून घ्या आणि दरवेळी टर्बिडिटीबरोबर ई. कोलाय लिहून मागा.

त्यापेक्षा रोज ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते बघायची. ग्रामपंचायतीचे कर्मचारी करतात तीच. टाकीतून नव्हे, शेवटच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या नळातून पाणी घ्या, पण तो नळ टाकीला जोडलेला हवा, घरातल्या फिल्टरला नव्हे. ओटीचे थेंब टाका, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे; पट्टीशी जुळवून लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. तपासलेलं पाणी ओतून द्या, प्यायचं नाही. बाटली उन्हात ठेवू नका.

टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकत असाल तर धुतलेल्या टाकीत आणि आधीच्या गढूळ टाकीत तेवढीच पावडर वेगळा आकडा देईल, कारण गाळातला सेंद्रिय भाग क्लोरीन खातो आणि कणांच्या आड जंतू वाचतात. म्हणून टाकी धुतल्यावर पहिला आठवडा डोस बदलू नका, नुसती ओटी लिहून ठेवा. वहीत तारीख, वेळ, नळ कुठला, आणि त्या दिवशी टँकर आला होता का. पंधरा दिवसांनी वही इथे टाका, बघू.